डाव्या पायाचे पाच साप

मुलाचा एक मोजा सापडत नव्हता आणि त्यापायी सगळं घर वेठीला धरलं गेलं होतं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला. साडेसातला घराबाहेर पडायचं, आणि सात वीसला हा एका पायात मोजा घालून, दुसरा पाय बगळ्यासारखा वर धरून पलंगाखाली वाकून बघत होता. सून दुधावर डोळा ठेवून शेगडीपाशी उभी. तिथूनच म्हणाली, "काढताना जोडीने काढत जा. मोज्यांना पाय लागतात, फुटत नाहीत." नात न्हाणीघरात शिरली होती, ती बाहेर यायचं नाव घेत नव्हती. आणि या सगळ्या गदारोळात काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसून, कप दोन्ही तळव्यांत धरून चहा घेत होत्या. कपाच्या कानात बोट अडकवून तो उचलणं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. बोटांचे सांधे आल्याच्या गाठींसारखे टरारून आले होते.

तेवढ्यात दार वाजलं.

"आई, बघता का जरा? माझं दूध वर आलंय."

काकूंनी दार उघडलं. दारात चाळिशीची एक बाई. केस मानेवर कापलेले, गळ्यात शिंप्याची टेप, बोटांना खडू. आणि पुढे केलेल्या हातात एक मोजा. राखाडी, गुडघ्यापर्यंतचा, पुष्कळ वापरलेला, पण कुठे भोक नाही.

काकूंच्या मागून मुलगा लंगडी घालत आला. "सापडला?" त्याने विचारलं आणि परक्या बाईला बघून वर धरलेला पाय हळूच खाली टेकवला.

"हा मोजा कुणी विणला?" बाईंनी विचारलं.

काकूंनी तो हातात घेतला. चष्मा लावला नाही. जुनं पत्र उघडावं तसा तो उलटा केला, वरच्या काठाच्या आत एक लाल दोरा होता, त्यावरून अंगठा फिरवला.

"मी," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं तरी झाली असतील. डावा आहे हा. उजवा कुठाय?"

"तो आमच्या दिवेवाल्याच्या पायात आहे. ही गल्ली त्यानेच सांगितली. एकच काढून द्यायला तयार झाला. दुसरा पाय गार पडेल म्हणाला."

काकूंना हसू आलं. आत या म्हणाल्या.

त्या कपडेवाल्या बाई सिनेमाच्या. सिनेमातल्या माणसांचे कपडे, केस, मुकुट, चिलखतं, सगळं त्यांच्या कारखान्यात बनायचं. सध्या एका ग्रीक पुराणातल्या कथेचा सिनेमा चालू होता. त्यात एक वीर असतो, त्याच्या चपलांना पंख असतात. सिनेमापुरता त्याला एक उडता घोडाही दिला होता. त्यावर बसून तो जातो आणि डोक्यावर केसांऐवजी साप असलेल्या एका बाईचं मुंडकं कापून आणतो. घोडा मिळाला होता, पंखही बांधून झाले होते. अडलं होतं सापांवर.

"रबराचे केले," बाई चहाचा कप विसरून सांगत होत्या, "दिव्यांच्या उष्णतेने एकमेकांना चिकटले. मान वळवली की तिथेच तडकतात. कापडाचे केले तर पाळण्यावरच्या खेळण्यासारखे लोंबायला लागले. परवा आमचा दिवेवाला पाय वर करून बसला होता. त्याच्या मोज्याची टाच दिसली मला. शिवण नाही, जोड नाही, सरळ नळी आणि एकदम वळण. म्हटलं, ही तर सापाची मान!"

त्यांनी कागद काढून पटापट चित्र काढलं. पायाची नळी म्हणजे सापाचं अंग. टाच म्हणजे तो मान उचलतो ते वळण. आणि चवडा म्हणजे डोकं. आत तार घालायची, वरून लेप द्यायचा. असे चोवीस. गुडघ्यापर्यंतच्या मोज्याएवढे लांब. पाच-सहा आठवड्यांनी शूटिंग. कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी बाईचं डोकं काढलं आणि त्यावर एक बाण मारला.

मुलगा दुसऱ्याच जोडीतला मोजा चढवून बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "अहो, आईने सुया ठेवून आठ वर्षं झाली. तिची बोटं बघा. आणि चोवीस साप म्हणजे काय पोरखेळ आहे?"

"बोटं माझी आहेत," काकू म्हणाल्या. "मला विचारलंय." मग बाईंकडे वळून, "लोकर कोणती?"

बाईंनी पिशवीतून एक लड काढली. जाड, करकरीत पिळाची, निव्वळ लोकर. मिश्र धाग्यावर लेप धरत नाही म्हणून कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीचा शिल्लक माल त्यांनी शोधून काढला होता. काकूंनी लड नाकाशी धरली. वास ओळखीचा होता.

"चोवीस म्हणजे बारा जोड्या," त्या म्हणाल्या. "होतील. शब्द दिला."

बारा जोड्या म्हटल्यावर कपडेवाल्या बाई हसल्या. त्यांना वाटलं, काकू गंमत करताहेत.

*

ती गिरणी काकूंना सासरमाहेरासारखी ठाऊक होती. त्या लग्नाआधी तिथे मोज्यांच्या टाचा वळवायला होत्या. यंत्राला नळी जमायची, टाच जमायची नाही. त्यांचा नवरा पिंजण्याच्या यंत्रावर. एके दिवशी त्या यंत्राने त्याचा डावा पाय घोट्यापासून नेला. त्या वर्षी थंडी आली तशा काकू दरवर्षीप्रमाणे त्याच्यासाठी मोजे विणायला बसल्या.

"एकच विण," तो म्हणाला होता. "निम्म्या कामात भागतंय."

"एकटा मोजा मला विणता येत नाही."

"अगं, पाय म्हणजे काय पालीची शेपटी आहे, परत फुटायला?"

"न फुटू दे. मी डावंउजवं करत नाही."

आणि खरंच नाही केलं. काकूंचे मोजे म्हणजे कुठल्याही पायात कोंबायचे मोजे नव्हेत. अंगठ्याच्या बाजूने चवडा निमुळता करत न्यायच्या त्या, त्यामुळे डावा तो डावाच आणि उजवा तो उजवाच. ओळखू यावा म्हणून डाव्याच्या काठात आतून लाल दोरा. त्यानंतर नवरा अकरा थंड्या जगला. दर थंडीत एक जोडी झाली, उजवा पायात गेला, डावा कपाटाच्या खालच्या खणात. तो गेला तेव्हा काकूंनी सुया त्या अकरा मोज्यांवर ठेवल्या आणि खण लावून टाकला. गल्लीत त्यांना अजून सगळे 'मोजेवाल्या काकू' म्हणत, पण ते आता नुसतं आडनावासारखं झालं होतं.

त्या दिवशी दुपारी त्यांनी तो खण चार बोटं उघडला, आत न बघता हात घातला, सुया चाचपून काढल्या आणि पुन्हा लावला.

पहिला साप विणायला चार दिवस लागले. चार सुयांवर टाके आणि पाचवी चालती. कधीकाळी हे गप्पा मारता मारता व्हायचं. आता तिसऱ्या फेरीलाच बोटं आखडायची. काकू गरम पाण्यात हात बुडवून बसायच्या, पुसायच्या, पुन्हा सुरू. सून येता-जाता म्हणायची, "हौसेने विंचू अंगावर घ्यावा तसे साप घेतलेत तुम्ही." आणि पाणी गार झालं की न सांगता बदलून द्यायची. दुसऱ्या सापाला दोन दिवस. पाचव्यापासून दिवसाला एक सुटू लागला.

नात कॉलेजातून आली की शेजारी बसून मोबाइलवर वाचून ती कथा सांगायची.

"आजी, हिच्याकडे नुसतं बघितलं ना, की माणसाचा दगड होतो."

"तुझ्या आजोबांकडे मी चाळीस वर्षं बघत होते. काही झालं नाही."

"आधी ती खूप सुंदर होती. समुद्राच्या देवाने देवळात तिच्यावर जबरदस्ती केली. तर देवी तिच्यावरच चिडली आणि तिच्या केसांचे साप केले."

काकूंची सुई थांबली. "अपराध त्याचा आणि शाप हिला?"

"हो ना!"

"मग मुंडकंही हिचंच कापायचं."

"हो. तो वीर आरशासारख्या ढालीत बघून कापतो."

"शाब्बास रे वीर," काकू म्हणाल्या आणि टाके मोजायला लागल्या. पण त्या दिवसापासून त्या सापांच्या माना जरा जास्त ताठ विणू लागल्या. बिचारीच्या बाजूने एवढे साप तरी उभे राहू देत.

सून हे ऐकत होती. "साप म्हणू नये धाकला आणि नवरा म्हणू नये आपला," ती म्हणाली. मुलगा नेमका तेव्हाच घरात शिरत होता. "कुणाचं चाललंय?" त्याने विचारलं. "सापांचं," तिघी एकदम म्हणाल्या.

दहा साप झाल्यावर कारखान्यातून माणूस आला आणि पोत्यात भरून घेऊन गेला.

*

चोविसावा झाला त्या मंगळवारी कपडेवाल्या बाई स्वतः आल्या. शूटिंग पुढच्या सोमवारी. काकूंनी उरलेले चौदा साप पलंगावर दोन-दोन करून मांडले होते, प्रत्येक जोडी एकमेकांकडे तोंड करून. बाईंनी आनंदाने एक उचलला, मग दुसरा, आणि त्यांचा हात मध्येच थांबला.

"काकू, यात हा लाल दोरा कशाला?"

"डावा आहे ना तो."

"डावा? साप?"

"मग. हे सात डावे, हे सात उजवे. मोजून घ्या."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. दोन्ही साप शेजारी धरले. एकाचं तोंड डावीकडे झुकलेलं, एकाचं उजवीकडे. "चित्रात बाण होता," त्या हळूच म्हणाल्या. "वीर उजवीकडून येतो. सगळे साप एका झटक्यात त्याच्याकडे बघतात. सगळे चोवीस. एकाच बाजूला. त्या बाईचा तोच तर एक क्षण आहे."

काकूंनी भिंतीवर चिकटवलेल्या चित्राकडे बघितलं. बाण होता. महिनाभर डोळ्यांसमोर होता. पण विणताना डोळे कुठे लागतात? हातांनी विणलं, आणि हातांना जोडीच ठाऊक.

"आणि आधीचे दहा?" सुनेने विचारलं.

बाईंनी डोळे मिटले. "त्यांना लेप देऊन झालाय. कुणी नीट बघितलंच नाही. पाच डावे असणार. आणि लोकर संपलीय. पुन्हा मागवली तर आठ दिवस." मग स्वतःला सावरून म्हणाल्या, "काकू, तुमची चूक नाही. मी नीट सांगायला हवं होतं. दिग्दर्शक साहेब पहिल्यापासून म्हणताहेत, साप संगणकावर करून टाकू. आता तसंच करतील. तुमचा मोबदला..."

"त्याचं नंतर बघू," काकू म्हणाल्या. "म्हणजे हे सगळे टाकून देणार?"

बाईंनी हातातले दोन्ही साप पलंगावर परत ठेवले. तेच उत्तर होतं.

काकूंनी सात डावे बाजूला ओढले. कात्रीच्या टोकाने पहिल्याच्या नाकाशी टाका शोधला, सोडवला आणि धागा ओढला. सापाचं डोकं सर्रकन उसवत टाचेपर्यंत आलं.

"आई!" सून ओरडली.

"अंग तसंच राहील, मान तशीच राहील. डोकी तेवढी फिरवायची. सात डोकी मी तीन दिवसांत करते. उरले पाच."

"पाच कुठून आणणार? लोकर नाही, दिवस नाहीत."

"बाई, तुम्ही रविवारी सकाळी माणूस पाठवा," काकू म्हणाल्या. "चोवीस म्हटलं होतं, चोवीस देईन."

उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते. ती तशीच विणली तर वीण ओबडधोबड येते. सुनेने तिच्या लडी घातल्या, भिजवल्या आणि दोरीवर टांगून प्रत्येकीला खाली एकेक कुलूप अडकवलं. संध्याकाळपर्यंत पीळ सरळ झाला. "घरातली सगळी कुलपं लोकरीला," मुलगा आल्यावर म्हणाला. "चोराने यायचं तर आजच." पण तोही त्या रात्री जेवल्यावर लडी दोन हातांत ताणून बसला आणि नातीने गुंडे केले.

शुक्रवारी दुपारी सातवं डोकं उजवीकडे वळलं. घरात त्या आणि सून, दोघीच होत्या. काकू उठल्या, कपाटापाशी खाली बसल्या आणि खालचा खण पूर्ण उघडला.

अकरा मोजे. गुडघ्यापर्यंतचे, डावे, एकदाही न घातलेले. तीच लोकर आणि अर्धवट राहिलेला शेवटचा सोडला तर तीच लांबी. बाईंनी "एवढे लांब" म्हटल्यावर काकूंच्या हातांनी कुठलं माप धरलं होतं, ते आता त्यांना कळलं.

सून दारात उभी होती. सासरे गेल्यापासून तिने तो खण उघडा बघितला नव्हता. "आई, नका हो," ती म्हणाली. "सिनेमा आहे. लेप लागला की परत मोजा व्हायचा नाही."

"खणात तरी कुठे होतोय?"

त्यांनी अकराही जमिनीवर ओळीने मांडले. पहिला विणताना नवरा दवाखान्यातून नुकताच आला होता. त्यात दोन ठिकाणी टाके सुटले होते, तो परत ठेवला. ज्या वर्षी त्याने कुबडीवर तोल सांभाळत नातीला कडेवर घ्यायची हिंमत केली, तो घेतला. ज्या वर्षी दोघं आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हती आणि तरी त्याने लोकर धरून दिली होती, तो घेतला. "हा भांडणाचा," त्या सुनेला म्हणाल्या, "याचा साप चांगला होईल." सून हसली आणि लगेच पदराने नाक पुसलं. शेवटचा, दीड वीत कमी. तो विणून व्हायच्या आत नवरा गेला होता. तो त्यांनी घडी करून सगळ्यांच्या खाली सरकवला.

पाच निघाले. चवडे उसवले, टाके सुयांवर घेतले, आणि डाव्या पायाचे मोजे उजवीकडे बघू लागले. शनिवारभर काकू जेवायच्या तेवढ्या उठल्या. एक बोट तर धाग्याने कापलं, त्यावर चिकटपट्टी लावून चालू ठेवलं.

रविवारी माणूस यायच्या आधी सून म्हणाली, "लाल दोरे काढायचे ना? आता उजवे झाले ते."

"राहू दे. मूळचे डावेच आहेत."

*

सोमवारी कपडेवाल्या बाईंनी काकूंना आणि नातीला शूटिंग बघायला बोलावलं. एका प्रचंड गोदामात पुठ्ठ्याची गुहा उभी केली होती. कोपऱ्यात पांढरी घोडी पंख बांधून चारा खात होती आणि एक माणूस तिच्या पंखाखालून लीद गोळा करत होता. पलीकडे लेपाच्या पिंपाजवळ काकूंचे आधीचे पाच डावे साप टांगलेले होते. वर शिडीवरून दिवेवाल्याने काकूंना पाय हलवून दाखवला. दोन्ही पायांत राखाडी मोजे होते.

गुहेच्या तोंडाशी एक किडकिडीत मुलगी बसली होती, डोक्यावर चोवीस साप. बाईंनी तारेची मूठ फिरवली आणि सगळे साप एकदम उजवीकडे वळले. गोदामातली कुजबुज थांबली. घोडीनेसुद्धा मान वर केली. नातीने आजीचा दंड धरला. काकूंनी मात्र मनातल्या मनात मोजले. चोवीस. खणातले पाच मागच्या रांगेत होते, इतरांपेक्षा थोडे जुन्या वाणाचे. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.

"छान!" दिग्दर्शक ओरडले. "आता बघ," ते वीराला सांगू लागले, "साप तुझ्यावर झेप घेतात. तू आधी मागून वार करून चार-सहा साप छाटतोस. खरोखर छाटायचे, तुकडे उडाले पाहिजेत. मग मान."

वीर पितळी छातीचा, उंच, पंचविशीचा. त्याने खरी, धार लावलेली तलवार उचलली, मुलीच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि अंदाज घ्यायला पातं मागच्या रांगेवर हलकेच टेकवलं.

काकू उठल्या.

"काकू, तिकडे नका जाऊ," कुणीतरी म्हणालं. त्या गेल्या. जमिनीवर केबलींचं जाळं होतं, ते एकेक पाऊल बघून ओलांडलं. दिग्दर्शक म्हणाले, "कोण आहेत या? बाजूला घ्या." कपडेवाल्या बाई मध्ये आल्या, "साहेब, एक मिनिट, साप यांचेच." काकू वीराच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या पितळी छातीपर्यंतच त्यांचं डोकं पोचत होतं. आपला सुजलेला हात त्यांनी तलवारीच्या पात्यावर ठेवला आणि ते हळूच खाली केलं. त्याने करू दिलं.

"आजी, काय झालं?" तो म्हणाला. पंखांच्या चपला घातलेल्या माणसाचा आवाज अगदी घरातल्यासारखा निघाला.

"छाटायचे तर माझे चुकलेले पाच तिकडे लेपाच्या पिंपाजवळ टांगलेत, ते लावून घ्या आणि हवे तेवढे तुकडे करा," काकू म्हणाल्या. "या मागच्या पाचांच्या शेपटीत आतून लाल दोरा आहे. बाबा, ते तेवढे कापू नकोस."